निरगाठ

आज शनिवार, म्हणून मी दानव.
तोंडाला काजळी, अंगावर जुन्या गालिच्याचं चिलखत,
हातात फोमची कुऱ्हाड, नातवाने चिकटवून दिलेली.
एरवी वाल्फ्रीड, लाकूडगिरणीतून निवृत्त,
डाव्या हाताला बोटं तीन.
रेइनिसला गाडीने सोडायला आलो होतो पहिल्यांदा,
तर त्यांच्याकडे दानव कमी पडत होते.

गौया नदीच्या या कुरणात गवत कमरेला लागतं.
आम्ही चाळीस जण आरोळ्या ठोकत उतारावरून सुटलो
आणि समोर ती, एकटीच.
मैरीता. आठवडाभर वाल्मिएराच्या दवाखान्यात
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
इथे बांधणारीण.
ज्युनिपरचे सात खुंट, त्यांना वेढे देत गेलेली तांबडी लोकर,
सातव्या खुंटापाशी गाठ,
आणि तिचा आवाज, एवढ्याशा देहातून एवढा:

पाय तुमचे, माती माझी,
श्वास तुमचा, वेळ माझी,
जिथे आहात तिथे!

खिळलो.
नियम साधा आहे: गाठ सुटेपर्यंत हलायचं नाही.
बघायची मुभा, ऐकायची मुभा.
डास बसला तर बसू द्यायचा.
माझी कुऱ्हाड डोक्यावर, टाच अधांतरी,
शेजारी बेकरीवाला गुंटिस, शिंक नाकात धरून.
राजाची माणसं आमच्यामधून आपले जखमी उचलून नेत होती,
जाता जाता एकाने माझ्या चिलखताची कड नीट केली.

मग एक करकोचा आला.
त्याला कुणी नियम सांगितला नव्हता.
आमच्या थिजलेल्या फौजेतून एकेक पाऊल उचलत
तो बेडूक शोधत फिरला.
माझ्या बुटाकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

पलीकडे शिंग वाजलं. जखमी पार झाले.
आता सोडायचं.

इथे सुरगाठ मारायची असते, ओढली की सुटणारी.
घाईत तिच्या हातून निरगाठ बसली होती,
त्यात लोकर दवाने भिजलेली.
ती नखांनी झटली, दातांनी झटली.
कुणीतरी चाकू पुढे केला.
"कापली तर बांधलंच नव्हतं असं होईल," ती म्हणाली,
आणि चाळीस दानवांपैकी कुणी हसलं नाही.

खुंट उपटून, लोकर ओढत ती माझ्यापाशी आली.
काल रात्री शेकोटीजवळ मी तंबूचा गुंता सोडवला होता,
तो तिने पाहिला असणार.
"आजोबा, डावा हात तेवढा मोकळा करते."
बांधलेल्याने बोलायचं नसतं. मी पापण्या मिटून उघडल्या.

औस्माचे हात शेवटचे दोन हिवाळे थरथरायचे,
तरी हातमोजे विणायची.
रोज संध्याकाळी धाग्याला गाठ,
रोज दिव्याखाली मी.
निरगाठ ओढायची नसते.
तिला आत ढकलायचं, आली त्याच वाटेने मागे,
पुन्हा थोडं, पुन्हा थोडं,
सैल होण्याची तिला लाज वाटेनाशी होईपर्यंत.
हे औस्माने शिकवलेलं नाही.
ती फक्त विचारायची, सुटलं का.

"सुटलं," मी म्हणालो.

चाळीस गळ्यांतून एकदम डरकाळी,
गुंटिसची शिंक,
करकोचा फडफडत वर.
आणि माझ्या सगळ्यात जवळ, हातभर अंतरावर, तीच.
खेळ म्हणजे खेळ.
मघापासून वर धरलेली कुऱ्हाड मी खाली आणली,
तिच्या खांद्यावर ठेवली म्हणा.
ती मात्र इमानदारीने मेली,
गवतात सपाट, नुसते बूट दिसत होते.

लोकर परत द्यायची राहिली.
परतताना रेइनिस पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला.
वाल्मिएराच्या फाट्यावर हिरवा दिवा लागला
आणि मी हललो नाही.
मागच्याने हॉर्न वाजवला.