खोडरबर आणायचा नाही

दर गुरुवारी दहाच्या सुमारास
ग्रिसेल्दाबाई अकरा पोरं घेऊन येतात,
माझ्या तिकीटखिडकीसमोरच्या पायऱ्यांवर बसवतात.
पेन्सिल, जाडा कागद, कागदाखाली पुठ्ठा.
नियम एकच : खोडरबर आणायचा नाही.

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
मी डबे चढवतो-उतरवतो, सव्वीस वर्षं झाली.
एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो,
एवढं मला ठाऊक होतं,
आणि एवढ्यावर माझं भागत होतं.

पहिल्या गुरुवारी मिलेन्कानं
दोन्ही डबे वर जाताना काढले.
मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "आता यांचा दोर काढ.
वरच्या चाकापर्यंत ने, मग बघ कुठे जातो."
पोरीनं दोर नेला, चाकाला वळसा घातला,
पेन्सिल पलीकडून खाली उतरायला लागली
आणि अर्ध्यावर थबकली.
"म्हणजे तो बटाट्याचं पोतं घेतलेला आजोबा
या रिकाम्या डब्याच्या वजनावर वर जातो?"
"थोडं वजन, थोडी मोटार," मी खिडकीतूनच ओरडलो.
माझं मलाच नवल वाटलं.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मग पत्र्याच्या भिंती झाल्या.
तपकिरी पेन्सिली खिळ्यांभोवतीच झिजल्या आधी,
कारण गंज तिथूनच सुरू होतो,
भोकापाशी, जिथे जस्त फाटतं
आणि समुद्राची खारट हवा आत शिरते.
हे मी माझ्या घराला तीनदा रंग देऊनही पाहिलं नव्हतं.

आमारो मात्र फार हळू.
बाकीची पोरं पाव खाऊन, भांडून, समेट करून आली
तरी याचा दिव्याचा खांब चाललेलाच.
आमच्याकडे सूर्य उत्तरेला, समुद्राच्या अंगाला असतो,
त्यामुळे सावल्या टेकडी चढतात.
याच्या चित्रात खांबाची सावली उजवीकडे कललेली,
कचऱ्याच्या पिंपाची थोडी कमी,
झोपलेल्या कुत्र्याची अगदी सरळ वर.
"तुझ्या गल्लीत सूर्य किती रे?" फाबियाननं विचारलं.
पोरं खिदळली. आमारोचे कान लाल.
हात खिशात गेला, खिशात काही नव्हतं.

बाई त्याच्या शेजारी बसल्या, गुडघे धरून, सावकाश.
"खांब कधी काढलास?"
"आल्या आल्या."
"आणि कुत्रा?"
"आत्ता."
"मग प्रत्येक सावलीजवळ वेळ लिही."
दहा दहा. अकरा वीस. बारा पन्नास.
लिहून झाल्यावर तो कागदाकडे बघत राहिला,
मग खांबाकडे, मग परत कागदाकडे.
पृथ्वी फिरते हे त्या सगळ्यांना पाठ होतं,
परीक्षेत दोन गुणांना येतं.
आमारो एकदम पायरीला धरून बसला,
जणू कुणी खालून गल्ली हलवली.

चित्र काढतात म्हणजे ही पोरं
नक्की काय काय काढतात, मी मोजत नाही आता.
पत्र्यातून हवा काढतात. कुत्र्याच्या झोपेतून
तास काढतात. माझ्याकडून बोलणं काढलं.

गेल्या गुरुवारी त्यानं मला काढलं,
खिडकीच्या चौकटीत, टोपीसकट.
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली.
मी म्हटलं, "चुकलास."
तो म्हणाला, "दिसतं तसं काढायचं असतं."
वर खोडरबर नाही, हे दोघांनाही माहीत.

रात्री शेवटचा डबा खाली लावला,
दिवा मालवण्याआधी काचेत पाहिलं.
लोखंडी दांडा उजव्या हाताला आहे.
दिवसाला साठ-सत्तरदा खाली ओढायचा.
मी खांदा वर करून पाहिला.
जरा वेळ राहिला. मग आपल्या जागी आला.

बायकोला सांगितलं तर म्हणाली,
"मला वाटायचं तुला माहीत आहे."