सविस्तर लिही

त्रेसष्ट वह्या. आठवी, तुकडी ब.
धोपाव्याच्या धक्क्यावर पिशवी मांडीत घेऊन बसते.
जंगलजेटी पलीकडे दाभोळला अजून गाड्या भरते आहे,
तेवढ्यात चार होतात.
पुढच्या दोन पाण्यावर. बोट हलते तशी
बरोबरची खूण हलते, तिला शेपूट फुटतं.
मुलं म्हणतात, बाई,
आमच्या उत्तराला बांगडा काढलात.

उरलेल्या रात्री, भांडी आवरल्यावर.
सदतिसाव्या वहीनंतर उत्तरं दिसत नाहीत,
नुसता समास दिसतो आणि त्यात माझाच हात:
छान. बरे. अक्षर सुधार. सविस्तर लिही.
छान. बरे.
शाळेने शिक्का करून दिलाय, 'पाहिले'.
तोही मारलाय मी, खोटं कशाला बोलू,
न पाहता.

अफीफा होडेकरची आई धक्क्यावर कोळंबी निवडते.
मोठी, मधली, बारीक.
बोलत असते माझ्याशी
आणि हात आपले आपण तीन टोपल्या भरतात.
कसं जमतं, विचारलं एकदा.
"कोळंबीला वाईट वाटत नाय ना, बाई."

आणि काल अफीफाची वही.
प्रश्न तिसरा: खाडीचे पाणी खारट का असते?
'भरतीला समुद्र आत येतो म्हणून.'
खाली मागच्या महिन्यातलं माझं लाल: सविस्तर लिही.
त्याच्याही खाली पेन्सिलीने,
कधीही पुसता येईल इतकं फिकट:
तुम्हीपण.

वही मिटली. परत उघडली.
रागावून पाहिलं थोडा वेळ. जमेना.

मग टाचणवहीच्या पाठीमागे हिशेब मांडला:
रोज पाच. पाचांना ओळीच्या ओळी,
बाकी अठ्ठावन्नांना बांगडा.
तेरा दिवसांत फेरा पुरा;
मतदारयाद्या, खिचडीची नोंदवही, दोन रविवार धरले
तर अठरा, वीस.
मुख्याध्यापकांना 'पाहिले'च हवं असेल
तर शिक्का खणात आहे.

आज पहिल्या पाचांत तिची.
लिहिलं: समुद्र कुठपर्यंत आत येतो?
तुमच्या मागच्या विहिरीपर्यंत?
मे महिन्यात ते पाणी चाखलंयस कधी?
मी घाटावरची, मला खरंच माहीत नाही.
आईला विचार, आजूबाजूला विचार, मग लिही.
नऊ ओळी झाल्या. जागा संपली,
समासातून वळून वर चढले.
एक वेलांटी चुकली. तशीच ठेवली,
बघू तिला सापडते का.

भोंगा झाला. फळी खाली आली.
अजून चार.