दोन टक्के

माझ्या उजव्या पोटरीवर नाण्याएवढा डाग आहे,
जुन्या गाडीच्या सायलेन्सरने दिलेला.
किगालीत ज्यांनी मोटो चालवली
त्या सगळ्यांकडे तो असतो,
मागे बसणाऱ्या कित्येकांकडेही.
नवी गाडी भाजत नाही.
तिची आठवण म्हणून अंगावर काय उरेल, कोण जाणे.

पहाटे साडेपाचला न्यामिराम्बोत धुकं असतं.
जुनीला तीन किका लागायच्या,
चौथीला ती खोकायची, पाचवीला शिवी,
मग धूर, मग नाइलाजाने राजी.
इंजिनाजवळ हात धरले की बोटं माझी व्हायची.
ही बटण दाबताच जागी.
एक हिरवा ठिपका. बस्स.
पहिल्या आठवड्यात ती चालू आहे हे विसरून
मी मूठ पिळली, आणि थेट कोबीच्या टोपल्यांत.
कोबीवाली ओरडली, आवाज तरी करायचास!
मी म्हटलं, बाई, आवाजाचेच तर पैसे वाचवतोय.

आई वळणावरचा आवाज ऐकून चहा ठेवायची.
इतक्या गाड्यांत माझी कुठली ते मुकान्दोलीला कळायचं,
चेन सैल झाल्याचंही माझ्याआधी तिलाच.
आता मी दारात उभा असतो आणि ती दचकते.
चोरासारखा येतोस, म्हणते.
म्हणून हल्ली वळणावर मी शीळ घालतो,
लहानपणी शेळ्यांना घालायचो, तीच.

पेट्रोल भरलं की ते माझं असायचं.
घोटभर का होईना, माझं.
बॅटरी माझी नाही.
स्टेशनवर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची.
काल ती कुणाच्या बुडाखाली होती,
कुठल्या बाळंतिणीला वेळेत पोचवून आली
की एखाद्या दारुड्याला घरोघर फिरवून,
ती सांगत नाही.
हाताला जराशी कोमट लागते,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

रुतायिसिरे अजून पेट्रोलवरच आहे.
पंख्यावर बसून फिरतोस, म्हणतो मला.
मी त्याला रात्रीचा हिशेब दाखवतो,
तो मला त्याचा मोकळा रविवार.
त्याला कुठे रांगेत उभं राहावं लागत नाही.

मंगळवारी स्टेशनवर सतरा जण पुढे,
आणि भरलेली एकही नाही.
तसाच निघालो. मागे एक मास्तरीण,
मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.
किमिरोन्कोच्या चढावर आकडा दोनवर आला
आणि गाडी अशी चालू लागली
जशी माणसं अंत्ययात्रेत चालतात.
दोन टक्के म्हणजे किती, मास्तरणीने विचारलं.
म्हटलं, नापास.

मागून तोच खोकला आला. मला तो झोपेतही ओळखता येईल.
रुतायिसिरेने काही विचारलं नाही.
मास्तरणीला आपल्या मागे घेतलं,
डावा पाय माझ्या रिकाम्या पायठेवणीवर टेकवला
आणि ढकलत निघाला.
दोन गाड्या, एक इंजिन, एक धूर.
त्याचा गुडघा थरथरत होता, मला आरशात दिसत होता.
मी नुसता हँडल धरून,
पहिल्यांदा शाळेत पोचवलेल्या पोरासारखा.

माथ्यावर त्याने पाय काढला
आणि सवयीने चावी फिरवून इंजिन बंद केलं.
उतार फुकटात काढायचा, ही त्याची जुनी विद्या.
मग दोघेही बिनआवाजाचे उतरलो.
वारा. त्याची चेन.
गठ्ठ्यातले कागद फडफडत होते.
त्याचं वाचत होतं, माझं भरत होतं,
आकडा दोनाचा तीन झाला, मी डोळ्यांनी पाहिला.

खाली थांबलो. किती, त्याने विचारलं.
तीन.
तो हसला, किक मारली, पुन्हा मारली.
चढलास माझ्या पेट्रोलवर, म्हणाला,
तो एक टक्का माझा.

संध्याकाळी मी ती बॅटरी परत दिली.
मुलाने नंबर टिपला, फळीवर ठेवली, दुसरी दिली.
त्याचा एक टक्का तिच्यात होता की वाटेत संपला,
मला विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.
वळणावर शीळ घातली.
चहा तयार होता.