चेकिंग टेबल

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
मी फक्त चुका पाहिल्या.
ट्यूबलाइटखाली अंथरलेला पन्हा:
सुटलेला फास, तेलाचा डाग, जाडा धागा.
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागून.
खडूची खूण करायची, पुढं सरकायचं.

आता जुळे सोलापुरात, अंबादासच्या बंगल्यापुढं
बारा बाय दहाचं हिरवळीचं तुकडं.
लांबून अगदी नव्या टॉवेलसारखं.
मी चष्मा पुसला आणि खाली बसले.

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
सहाव्या दिवशी सकाळी माती ऐकते.
एरवी ही काळी माती मूठ आवळून असते,
वरचं पान देते, मूळ देत नाही.

लव्हाळा गवतात गवत होऊन उभा राहतो.
देठ चिमटीत धरून फिरवायचा,
तीन कडा लागल्या की तोच.
उपटला तर हातात नुसतं पातं. खाली काळी गाठ,
गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ.
ओढायचं नाही.
खुरप्यानं गाठीपर्यंत उतरायचं,
ताण्यातला गुंता सोडवावा तसं, दम धरून.

कंपाउंडच्या कोपऱ्यात गाजरगवत,
दिसायला कोथिंबिरीच्या चुलत घरचं.
त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही.
ब्रेडच्या पिशव्या मनगटापर्यंत चढवल्या,
तोंडाला पदर बांधला,
पांढरी फुलं यायच्या आत मुळासकट काढलं.
शेजारच्या सिद्रामप्पांच्या मानेवर अजून चट्टे आहेत.
ते म्हणतात, उन्हाचे.

अंबादासनं बाटली आणली.
वर रंगीत त्रिकोण, खाली मुंगीएवढी अक्षरं.
मी भिंग घेऊन वाचली:
वारा असताना फवारू नये. मुलांना लांब ठेवावे.
विचारलं, आपल्या गच्चीवरचे कपडे कधी हलत नाहीत, सांग.
आणि चिन्नीला लांब म्हणजे कुठं ठेवू?
ती सकाळपासून अनवाणी असते.
बाटली दुकानात परत गेली.
पैसे आले नाहीत, एक खुरपं आलं.

भांडी घासून निघालेली इरव्वा ढिगाशी थांबली.
"ही टाकालाय व्हय अव्वा? घोळ हाय की ही!
डाळ घालून काय लागती."
घोळ मलाही कळते. पण तिच्याच शेजारी
तशीच पसरलेली एक नायटी असते.
मोडून बघायची. दूध आलं की ती नव्हे;
ते दूध डोळ्याला नको, तोंडाला तर नकोच.
इरव्वानं एकेक काडी मोडून पाहिली.
मी तिचे हात बघत राहिले.
कारखान्यात असती तर माझ्या टेबलावर घेतली असती.

मग तिनं हिरवळीकडं बोट केलं.
"आणि ही? ही तर हरळी!"
लावलीय, म्हटलं. विकत आणून.
ती पायरीवर बसून हसली.
"आमच्या अक्कलकोटाकडं
हिला खणता खणता माझ्या आईची नखं गेली, अव्वा.
तुम्ही पाणी घालताय?"

मला काही बोलता आलं नाही.
खूण केलेला सेकंडचा माल
कामगारांना स्वस्तात मिळायचा.
आमच्या घरात सगळे टॉवेल सेकंडचेच होते.
पाणी तेवढंच टिपायचे.

आज कडेला एक एकदांडी राहिली,
एवढंसं पिवळं फूल वर धरून.
दिसली नाही असं नाही.
चिन्नीनं विचारलं, आज्जी, ही चुकीची आहे का?
म्हटलं,
नळाला पाणी येऊ दे, मग बघू.