अकरावा दिवस, अंधारात

उमेओ, डिसेंबर. दुपारी दोनला दिवस मावळलेला.
तळघरातल्या काळ्या खोलीत
इंगेगेर्द मंद हिरवा दिवा लावते
(झाडांना तेवढा कळत नाही म्हणे)
आणि कुंड्या मोजते.

साखर पहिल्याच रात्री संपली.
मग पानाने स्वतःलाच हात घातला :
प्रथिनांची वीण उसवली,
ल्युसीन, व्हॅलीन, एकेक मणी
मायटोकॉन्ड्रियाच्या चुलीत.
जाळ केवढासा. पण जाळ.
नायट्रोजन तेवढा जाळला नाही,
गाठोडं बांधून धाडला आत,
मधल्या कोवळ्या पानांकडे.

डाव्या रांगेत एक विकर नाही. एवढंच.
दारात सरपण, आणि काडी पेटत नाही.
ती झाडं नवव्या दिवशीच लोळली.

उजवी रांग : कडा पिवळ्या, गाभा हिरवा.
ती लिहिते, आणि पेन थांबतं.

लाकूडगिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात
बापाने होडी फोडून जाळली होती,
फळी फळी करत, मार्चपर्यंत.
खिळे मात्र राखेतून वेचून
कॉफीच्या डब्यात ठेवले.
नव्या होडीला लागतील, म्हणाला.

डबा अजून तिच्याकडे आहे.
हलवला की वाजतो.

दिवा विझवते.
उद्या बारावा.