पीसी नंबर चार

उदगीरला नांदेड नाक्याजवळ
गौसभाईच्या सायबरमध्ये चार पीसी होते.
तीन धड चालायचे.
चौथ्याचा पडदा डावीकडून हिरवा पडायचा,
म्हणून तो अर्ध्या पैशात, म्हणून तो आमचा.

मन्मथ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
आईच्या हिशेबात मी त्याच्यावर लक्ष ठेवायला,
त्याच्या हिशेबात मी स्टुलावर बसून
मागून पोलीस आले की ओरडायला.
पन्नास मिनिटं त्याची.
गाड्या ढापायचा, माणसं उडवायचा
आणि मेला की माझ्यावर चिडायचा.
शेवटची दहा माझी.

ते शहर कुठलं, मला आजही माहीत नाही.
इंग्रजी पाट्या, उंच ताडाची झाडं,
गाडीतल्या रेडिओवर कोणीतरी अखंड बडबडणारं.
एक दांडगा माणूस
आणि त्याला चालवायला चार बटणं.
पहिल्या दिवशी मी विचारलं,
आता कुठं जायचं?
मन्मथ म्हणाला, जा की कुठंबी.

कुठंबी.
हा शब्द माझ्यासाठी
त्याआधी कुणी वापरला नव्हता.

मी गाडी चोरली नाही.
फूटपाथवरून चालले
(आमच्याकडे फूटपाथ नव्हता, तोही बघायचाच होता).
सिग्नलला थांबले. मन्मथनं कपाळाला हात लावला.
एका बाईला धक्का लागला
तर तोंडातून ‘सॉरी’ गेलं, चांगलं मोठ्यानं,
तीन नंबरवरचा पोरगा आठवडाभर हसला.

मग तिथं रात्र झाली.
कोपऱ्यातल्या घड्याळात दोन वाजले
आणि मी चालतच होते, दुकानांच्या निळ्या-गुलाबी उजेडातून.
कुणी म्हणालं नाही, कुटं निघालीस गं,
कुणाची तू, ओढणी नीट घे.
दांडग्या माणसाला कोण काय विचारणार.

रस्ता संपला तिथं समुद्र होता.

आमच्या नळाला बाराव्या दिवशी पाणी यायचं.
टाकी, घागरी, तपेली, शेवटी कुकरसुद्धा भरायचो.
आणि इथं काठापासून काठापर्यंत नुसतं पाणी,
डावीकडचं हिरवं.
मी त्याला आत नेलं.
गुडघे, कंबर, छाती.
मग तो बुडाला.
मन्मथ ओरडला, येडे, त्याला पवता येत नाही!
एवढा आडदांड, आणि येत नाही.
मला त्याची दया आली.
मलाही येत नव्हतं.

पुढं वर्षभर मी त्याला पाण्यापासून लांब चालवलं.
भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर
त्या गल्ल्यांचा नकाशा काढला,
एका जिन्याला नाव दिलं, आता आठवत नाही कोणतं.
मन्मथचे एकोणतीस टक्के झाले होते.
चालण्याला टक्के नव्हते.

एका दुपारी लोडशेडिंग वेळेआधी आलं.
चारही पडदे विझले, पंखा हळूहळू थांबला.
गौसभाईनं अंधारातच वही ओढली,
“ग्यारा मिनट बाकी तुम्हारे. लिख लेतूं.
कल आके खेलो.”
दुसऱ्या दिवशी मन्मथची दहावीची शिकवणी लागली.
एकटीनं जायचं विचारलंच नाही मी.
विचारायला हवं होतं का,
हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.
मन्मथ बिदरला बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो,
खेळाचं काढलं तर म्हणतो, तू फक्त हिंडायचीस.
मी लातूरला लॅबमध्ये, रात्रपाळीला.
रक्ताचे नमुने मशीनला लावून
दोनच्या सुमारास खाली उतरते.
रस्ता मोकळा, सिग्नल नुसता पिवळा लुकलुकणारा.
वॉचमन विचारतो, मॅडम, कुठं?
चहाला, म्हणते.
खरं तर चहाची गाडी उजवीकडे असते
आणि मी बऱ्याचदा डावीकडे वळते.

गौसभाईची ती वही कुठं गेली असेल?
रद्दीत, बहुतेक. भेळेखाली.
चार नंबर, अकरा मिनिटं,
पुढं त्याची ती तिरकी सही.