कापायच्या जागा

सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू,
आणि आम्ही एकोणीस जण.
माझ्या वाट्याला खिडकीजवळचा,
नेमकं एसचंच बटण अडकणारा,
शेजारी अर्ध्या खुर्चीवर नाझमीन.
वट्टमवार सर म्हणाले, आधी सेव्ह करायला शिका,
बाकी सगळं त्याच्यानंतर.
वसमतची लाईट सांगून जात नाही.

पहिल्या आठवड्यात मी सगळंच लावून पाहिलं.
पान उलटल्यासारखं, पडदा फाटल्यासारखं,
बदामाच्या आकारात मिटत जाणारं दृश्य,
आभाळ निळंशार, माणसं केशरी.
सर मागे उभे.
"पी हळद अन् हो गोरी," एवढंच बोलले.
मग मी एकेक इफेक्ट सोलून काढला.
खालून आमचं तेच ते बसस्टँड निघालं,
धुळकट,
पण ओळखीचं.

पुढे कळलं, चित्र आणि आवाज
वेगवेगळ्या पट्ट्यांवर राहतात,
एकाच घरात चुली वेगळ्या केलेल्या भावांसारखे.
बोलणाऱ्याचं तोंड दिसायच्या आधीच
त्याचा आवाज आत येऊ शकतो,
आमचे मामा फाटकापासूनच बोलत येतात तसा.
सर म्हणाले, याला जे-कट म्हणतात.
मी वहीत लिहिलं: मामा-कट.

प्रोजेक्ट होतं दोन मिनिटांचं. एक माणूस, त्याचं काम.
मी मोंढ्यात गेले, केवळाबाईंकडे.
पॉलिशचा ड्रम गरागरा फिरत होता,
त्या खाली बसून
बंडे वेगळे, हळकुंडं वेगळी करत होत्या,
नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या.
विचारलं, किती वर्षं झाली इथं?
त्यांचा हात थांबला.
ड्रम फिरत राहिला.
मग म्हणाल्या, "किती की बाई. मोजले न्हाईत.
सुरेखा पोटात व्हती तवा आले."

बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन कापायला बसले.
"म्हंजे" कापलं. "काय की" कापलं.
खोकला, पदर सारखा करणं,
मधल्या सगळ्या गप्प जागा.
तांबडी रेघ सरकत गेली
आणि केवळाबाई धडाधड बोलू लागल्या,
टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसारख्या.
एक मिनिट अठ्ठावन्न.
नाझमीननं टाळी दिली.

फोनमध्ये घालून त्यांना दाखवायला नेलं.
हळदीचे हात पाठीमागे धरून त्यांनी पाहिलं.
पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा पाहिलं.
"चांगलं केलंस गं. पण ही कोण बोलायली?
मी येवढं दम न खाता कधी बोलले?
शेठसमोर बी न्हाई."

परत आले.
कापलेलं कुठं जात नाही, हे या विद्येतलं बरं.
क्लिपची कड धरून ओढली
की आत दडलेलं बाहेर येतं.
ओढली.
प्रश्नानंतरचे अकरा सेकंद परत आले:
थांबलेला हात, फिरणारा ड्रम,
एकदा उघडून मिटलेले ओठ,
आणि डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत,
पोत्यांच्या पलीकडे,
जिकडचं मी काहीच शूट केलेलं नव्हतं.

रेंडर लावलं. ब्याऐंशी टक्क्यांवर लाईट गेली.
एस अडकला होता, पण सेव्ह झालेलं होतं.
पुन्हा लावलं.

सरांनी पेन कानामागे खोचून शेवटपर्यंत पाहिलं.
दोन मिनिटं नऊ सेकंद.
रेघ मागे नेऊन त्या हातावर थांबवली.
"इथं कट का नाही मारला?"
मी सांगायला तोंड उघडलं,
आणि मलाही जरा वेळ लागला.
त्यांनी वाट पाहिली.
मग जास्तीच्या नऊ सेकंदांचे चार मार्क कापले
आणि नाझमीनला म्हणाले, चल, तुझं लाव.